बॉण्डवर सही आहे, मग घाई कसली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी चुलत दिराला हार्डवेअरच्या दुकानासाठी आपल्या ग्रॅच्युइटीतून ४ लाख रुपये हातउसने दिले. त्यातले ३ लाख दोन वेळा मिळून बँकेतून गेले, १ लाख रोख. शंभराच्या बॉण्डवर करार टाइप केला, नोटरी केली. त्यात लिहिलंय, ‘आज रोजी रोख रक्कम रुपये ४ लाख मिळाली, मागणी करताच शेकडा दरमहा दोन टक्के व्याजासह परत करीन.’ साक्षीदार म्हणून ताईंच्या भावाची आणि दिराच्या एका मित्राची सही आहे. शिवाय दिरानं सही केलेला एक कोरा चेक दिला. २०२४ मध्ये त्यानं दोनदा २५ हजार फोनवरून पाठवले. मग ‘वहिनी, दिवाळीनंतर देतो’ असे निरोप आले, मग तेही थांबले. आता तो भाऊबंदांत सांगतो की ते पैसे दुकानातल्या भागीदारीचे होते आणि धंदा बुडाला. मुलगा म्हणतो, ‘बॉण्डवर सही आहे, जातो कुठे?’ भाऊ म्हणतो, ‘सरळ फसवणुकीचा गुन्हा टाक.’ ताई विचारतात: ‘कागद पक्का असल्यामुळे पैसे बुडणार नाहीत हे मला माहीत आहे. पण सासूबाई अजून आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत घरच्या माणसाला कोर्टात खेचणं जिवावर येतं. थोडं थांबले तर चालेल ना?’

ताई,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पैसे परत मिळतील का, कोर्टात जायचं का, आणि जायचं तर कधी. पहिल्याचं उत्तर तुम्ही गृहीत धरलंय, दुसऱ्यात तुमचा जीव अडकलाय आणि तिसऱ्याकडे तुम्ही पाहिलेलंच नाही. मी तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण दुसऱ्यावर शांतपणे विचार करायला सवड आहे की नाही ते त्यावर ठरणार आहे.

उसने दिलेले पैसे वसूल करायला दिवाणी दावा लावायचा तर १९६३ चा मुदतीचा कायदा तीन वर्षं देतो. ही तीन वर्षं कुठून मोजायची, इथे भल्याभल्यांची गफलत होते. करारात परतफेडीची ठरावीक तारीख असती, तर ती तारीख उलटल्यापासून मोजली असती. तुमच्या करारात ‘मागणी करताच’ असं आहे. साध्या माणसाला वाटतं, मी रीतसर मागणीच केलेली नाही, मग मुदत कशी सुरू होईल? कायद्याचं गणित वेगळं आहे. मागताक्षणी परत करायचं कर्ज ज्या दिवशी दिलं, त्याच दिवसापासून मुदत चालू होते. तुम्ही मागितले की नाही, कितीदा मागितले, याला इथे किंमत नाही. म्हणजे पहिली रक्कम बँकेतून ज्या तारखेला गेली तिथून तीन वर्षं. ती ऑगस्ट २०२६ मध्ये संपतात. पासबुक उघडून ती तारीख आजच लिहून ठेवा. कराराच्या आधी काही रक्कम गेली असेल तर कराराची नव्हे, ती आधीची तारीख धरा.

मुदत टळल्यावर नोटरीचा शिक्का, साक्षीदार, बॉण्ड यातलं काहीच उपयोगी पडत नाही. समोरच्यानं हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाला फेटाळावाच लागतो. वकिलाची नोटीस पाठवल्यानं मुदत वाढत नाही. भाऊबंदांच्या बैठकीत ‘बघू, देऊ’ म्हटल्यानं वाढत नाही. चेकची किंवा पोलिसांची कारवाई चालू असली तरी दिवाणी दाव्याची मुदत आपली सरतच राहते.

ती नव्यानं सुरू होण्याचे रस्ते मोजके आहेत. मुदत संपायच्या आत त्यानं लेखी, सहीनिशी कर्ज कबूल केलं तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. किंवा त्यानं थोडी रक्कम फेडली आणि त्या फेडीची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असेल तर मिळतात. तुम्ही म्हणाल, दोनदा पंचवीस हजार आलेत की! आलेत, पण फोनवरून, आणि त्यात त्याची सही कुठेच नाही. तेच पैसे त्यानं चेकनं दिले असते तर चेकवरच्या सहीला धरून बोलता आलं असतं. फोनवरून आलेली रक्कम आणि व्हॉट्सॲपवरचं ‘दिवाळीनंतर देतो’ यांना सहीची लेखी कबुली मानावं की नाही, यावर वकील वाद घालू शकतो, जिंकूही शकतो. पण ज्याची मूळ मुदत अजून शिल्लक आहे त्यानं अशा वादावर मदार ठेवू नये. तो युक्तिवाद मुदत हातची गेलेल्यांसाठी असू द्या. त्यांच्यासाठी आणखी एक वाटही आहे. करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, मुदतबाह्य झालेलं कर्जसुद्धा फेडीन असं ऋणकोनं, म्हणजे कर्ज घेणाऱ्यानं, नव्यानं लिहून सही केली, तर त्या नव्या वचनावर दावा चालतो. असं लिहून देणारा सज्जन भेटला पाहिजे, एवढंच.

तेव्हा ‘थांबू का?’ याचं माझं उत्तर असं: थांबायचं असेल तर त्याच्याकडून नवीन लेखी कबुली घेऊन थांबा. ‘ऑगस्ट २०२३ मध्ये उसने घेतलेल्या ४ लाखांपैकी ५० हजार परत केले, ३ लाख ५० हजार देणं बाकी आहे, अमुक तारखेपर्यंत देईन’ एवढा मजकूर, तारीख आणि सही. (ते ५० हजार व्याजात धरायचे की मुद्दलात, हे आधी तुमचं तुम्ही ठरवा. मी मुद्दलात धरलेत, कारण का ते पुढे येईल.) त्यानं सही केली तर भागीदारीची गोष्ट तिथेच मिटली आणि सासूबाईंच्या मनाला जपायला तुम्हाला वेळ मिळाला. सही करायला का-कू केली तर तो कशाची वाट बघतोय ते समजा.

आता तुमच्या ‘पक्क्या’ कागदाकडे वळू.

नोटरीनं काय पाहिलं? अमुक माणसानं त्याच्यासमोर सही केली, इतकंच. पैसे खरंच हातात पडले का, ते उसने होते की भांडवल म्हणून दिलेले, हे त्यानं पाहिलेलं नसतं. उद्या दीर म्हणाला, ‘ही सही माझी नव्हेच’, तर नोटरीच्या रजिस्टरमधली नोंद कामाला येईल. पण तो तसं म्हणणारच नाही. सही कबूल करून बाकी सगळं नाकबूल करणं सोपं असतं. स्टॅम्पचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागू झाला. तुमचा करार त्याआधीचा, त्यामुळे तो बदल तुम्हाला बाधत नाही. मात्र ४ लाखांच्या अशा दस्ताला त्या वेळीसुद्धा शंभर पुरेसे होते का, हे वकिलाला आधीच तपासायला सांगा. करारावरचा मुद्रांक कमी पडला तर तो दंडासह भरून दस्त पुराव्यात आणता येतो. दावा चालू असताना ऐन वेळी हरकत निघण्यापेक्षा आधी भरलेला बरा. ज्या वाचकांनी करार न करता वचनचिठ्ठी म्हणजे प्रॉमिसरी नोट लिहून घेतली असेल, त्यांना मात्र ही सवलत नाही. वचनचिठ्ठीवर लिहिताना योग्य तिकीट लावलं नसेल तर नंतर दंड भरूनही ती पुराव्यात येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती करारातल्या एका ओळीची: ‘आज रोजी रोख रक्कम रुपये ४ लाख मिळाली.’ कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे हा साचा तयारच असतो, रक्कम आणि नावं तेवढी बदलतात. प्रत्यक्षात तुमचे ३ लाख बँकेतून, वेगवेगळ्या तारखांना गेलेत. आता दावा लिहिताना मोह होईल की कागदाशी जुळवून घ्यावं आणि ‘रोख ४ लाख दिले’ असंच म्हणावं. तसं अजिबात करू नका. एक तर तुमचंच पासबुक तुम्हाला खोटं पाडेल, आणि तो म्हणेल, ‘बँकेतून आलेले ३ लाख भागीदारीचे, आणि रोख ४ लाख तर मला मिळालेच नाहीत.’ दुसरं असं की, एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं दाव्यात म्हटलं असेल तर कोर्टानं ते आयकर विभागाला कळवावं. टायपिस्टच्या एका ओळीपायी ते झेंगट कशाला ओढवून घ्यायचं? दाव्याच्या पहिल्याच पानावर खरं ते सांगा: इतके या तारखेला या खात्यातून, तितके त्या तारखेला, एक लाख रोख करार झाला त्या वेळी, आणि ‘रोख ४ लाख’ हे शब्द साच्यातले आहेत. रकमेची पोच देणारी ओळ खरी कशी घडली हे दाखवायला पुराव्याचा कायदा आडवा येत नाही. मात्र ते तुम्ही आधी सांगितलेलं असावं. उलटतपासात उघडं पडलं तर तेच वाक्य लपवाछपवी वाटतं.

आणि रोख एक लाखाचं काय? आयकर कायद्यानं २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घ्यायला मनाई केलीय. दंडाची तरतूद घेणाऱ्यासाठी आहे. त्यामुळे ते कर्ज वसुलीला अपात्र ठरतं का, यावर न्यायालयांत मतभेद होते. सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून आलेल्या चेकच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असा नियमभंग झाला म्हणून कर्जच बेकायदा होत नाही. तेव्हा तो लाख सोडून देऊ नका. तो सिद्ध करणं मात्र जड आहे. त्या दिवसांत तुम्ही खात्यातून तेवढी रोकड काढली होती का, हे शोधा. ग्रॅच्युइटी जमा झाल्याची नोंद, मग रोकड काढल्याची नोंद, मग करार, अशी साखळी लागली तर लाखाचा हिशेब बसतो. पैसे घरात जपून ठेवलेले असतील तर भावाच्या साक्षीवर भिस्त राहील, आणि भाऊ म्हणजे तुमचाच माणूस असं समोरचा वकील म्हणणार.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुम्हाला काय विचारतील, ते आत्ताच ऐकून ठेवा. इतकी वर्षं शिकवलंत, मग कागद न वाचता सही घेतलीत का? इतके पैसे आले कुठून? विवरणपत्रात हे कर्ज आणि त्याचं व्याज दाखवलंय का? दुकानाच्या उद्घाटनाला तुम्ही होतात ना, नारळ तुम्हीच फोडलात ना? नफ्यातून काही देऊ असं बोलणं झालं होतं ना? या शेवटच्या प्रश्नात भागीदारीची गोष्ट लपलेली आहे. तिला सर्वांत चांगलं उत्तर तुमच्या फोनमध्ये आहे. ‘वहिनी, दिवाळीनंतर देतो’ असं भागीदार म्हणत नाही, देणेकरी म्हणतो. म्हणून ते निरोप मुदत वाढवायला कदाचित उपयोगी नसतील, पण व्यवहार कर्जाचाच होता हे दाखवायला सोन्यासारखे आहेत. फोन बदलू नका, चॅट पुसू नका, नंबर बंद करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा मजकुरासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, नुसते स्क्रीनशॉट छापून दिले की काम होत नाही. बँकेचा उतारा शाखेकडून प्रमाणित करून घ्या. करारावर दिराच्या मित्राचीही सही आहे हे चांगलं झालं. तो तुमच्या बाजूनं बोलेलच असं नाही, पण त्याची सही त्याला नाकारता येणार नाही.

पुढचा मुद्दा कदाचित तुम्हाला आवडणार नाही. पत्रात एका कडेला तुम्ही लिहिलंय की याआधी शाळेतल्या दोन सहकारी बाईंनाही तुम्ही ‘अडीनडीला’ पैसे दिले होते आणि त्यांनी व्याजासह परत केले. तुम्ही हे तुमच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून सांगितलंत. दिराचा वकील त्याला सावकारी म्हणेल. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणाऱ्याच्या बाजूनं कोर्ट हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, देऊ शकत नाही, शिवाय तो गुन्हाही आहे. घाबरू नका. ओळखीच्या, नात्याच्या माणसाला एखाद-दुसऱ्या वेळी पैसे देणं म्हणजे धंदा नव्हे, त्याला सातत्य आणि पद्धतशीरपणा लागतो. पण दरमहा दोन टक्के म्हणजे सालाचे चोवीस, आणि ते कागदावर लिहिलेले. हा दर त्या आरोपाला हवा देतो. म्हणून मी ते ५० हजार मुद्दलात धरले. बाकी साडेतीन लाख आणि त्यावर बँकेच्या ठेवीइतकं माफक व्याज मागा असं मी सुचवीन. दावा चालू असतानाच्या काळाचं व्याज तसंही कोर्टाच्या विवेकावर असतं, आणि निकालानंतर व्यापारी नसलेल्या व्यवहारात ते सालाना सहा टक्क्यांच्या वर जात नाही. चोवीस टक्क्यांचा हट्ट धरून मुद्दल धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. सहकारी बाईंचा विषय वकिलापासून लपवू नका, त्याला तो तुमच्या तोंडून आधी कळला पाहिजे.

कोरा चेक हे दुधारी हत्यार आहे. सही करून स्वेच्छेनं दिलेल्या चेकवर रक्कम-तारीख घेणाऱ्यानं लिहिली म्हणून तो रद्द होत नाही आणि चेक कर्ज फेडण्यापोटीच दिला असं कायदा आधी गृहीत धरतो. ते खोडून काढणं त्याचं काम. पण त्यावर ४ लाख लिहिलेत तर घात होईल. बँकेत टाकायच्या दिवशी जेवढं देणं खरोखर शिल्लक आहे तेवढीच रक्कम चेकवर हवी. मधली परतफेड वजा न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला तर तो न वटल्याचा गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलंय. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाका. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि त्यानंतर महिनाभरात तुमच्या खात्याच्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी सगळं अडखळतं, म्हणून चेक वकिलाला विचारूनच भरा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा दंड चेकच्या दुपटीपर्यंत असू शकतो, खटला चालू असताना वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही मागता येते. घरातल्या माणसावर फौजदारी खटला मात्र तुम्हाला झेपेल का, ते तुमचं तुम्ही पाहा. दिवाणी दावा त्या मानानं सौम्य आहे.

भावाच्या ‘गुन्हा टाक’ या सल्ल्यावर फार वेळ घालवत नाही. पैसे घेतानाच फसवायचं मनात होतं असं दिसलं तरच ती फसवणूक. ज्यानं पन्नास हजार परत केलेत त्याच्याबद्दल हे दाखवणं अवघड आहे. ठाण्यात तुम्हाला ‘दिवाणी बाब आहे’ असंच सांगतील आणि या वेळी ते बरोबर असतील.

दावा लावायचा ठरला तर वकिलाला समरी सूटबद्दल विचारा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशात ही सोय आहे. लेखी करारावरून ठरावीक रक्कम येणं असेल तर प्रतिवादीला नुसती कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देऊन वर्षानुवर्षं दावा लांबवता येत नाही. समन्स मिळाल्यावर त्याला दहा दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि नंतर बचाव करायला कोर्टाची परवानगी मागावी लागते. बचाव पोकळ दिसला तर परवानगी मिळत नाही किंवा रक्कम कोर्टात भरायच्या अटीवर मिळते. तुमच्या करारातल्या त्या ‘रोख’ शब्दामुळे त्याला परवानगी मिळण्याची शक्यता मला दिसते, हे लपवत नाही. तसं झालं तर दावा नेहमीच्या वाटेनं चालेल, सरतपास, उलटतपास, तारखा. तरी या वाटेनं सुरुवात करायला हरकत नाही.

मुलाला एक काम सांगा. ‘जातो कुठे’ म्हणण्यापेक्षा दिराच्या नावावर काय आहे ते शोधू दे. हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही, त्याच्या बजावणीसाठी वेगळी दरखास्त लावावी लागते. दुकानाची जागा भाड्याची असेल, प्लॉट बायकोच्या नावावर असेल तर तिथे तुमचा हुकूमनामा पोचत नाही. दुकानातला माल, बँक खातं, त्याच्या हिश्श्याची शेतजमीन, यावर पोचू शकतो. सातबारा सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. तो मालमत्ता घाईघाईनं विकायला निघाल्याचं कळलं तर निकालाआधीच जप्ती मागता येते. हुकूमनाम्याला बारा वर्षं आयुष्य असतं, आज हाती काही नसलेला माणूस तोवर सावरूही शकतो. (ऋणको पगारदार असेल त्या वाचकांसाठी: पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो, बाकीचा मिळू शकतो.) शोध घेऊनही काहीच हाताला लागलं नाही, तर साडेतीन लाखांसाठी किती कोर्ट फी आणि किती वर्षं घालायची याचा हिशेब करा. दावा न लावणं हाही निर्णय असू शकतो, फक्त तो तुम्ही घेतलेला असावा, कॅलेंडरनं नव्हे.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्या बायकांना ठाऊक असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो. तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. दावा लावण्याआधी तिथे तडजोडीसाठी अर्जही करता येतो, लोकअदालतीत मिटलं तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो आणि त्यावर अपील नसतं. दावा लावल्यावर तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मला तुमच्यासाठी हीच वाट सर्वांत बरी वाटते. चार भाऊबंदांसमोर मान खाली घालावी लागत नाही, आणि हप्ते ठरले तर त्यांना सहीचा आधार असतो. मात्र तिथे अर्ज टाकला म्हणून मुदत थांबली असं समजू नका.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तुम्हीही लिहिलीय. मला ती अर्धीच पटते. ती भांडखोराला सांगायला ठीक आहे. पण प्रत्येक बायकोच्या, विधवेच्या, बहिणीच्या पैशाच्या वेळी ती कोण कोणाला ऐकवतं, हे एकदा आठवून बघा. नातं कोर्टात गेल्यानं तुटेल असं तुम्हाला वाटतं. फोन उचलणं त्यानं बंद केलं, कर्जाची भागीदारी त्यानं केली, तेही तुमच्या माघारी. तुम्ही जपताय ते नातं आता तुमच्या एकटीच्या बाजूनं उरलंय का? पत्राच्या शेवटी तुम्ही म्हणता, पैशांपेक्षा तो खोटं बोलला याचं दुःख जास्त आहे. ते खरं असेल तर कोर्टाकडून फार अपेक्षा ठेवू नका. कोर्ट रक्कम देतं, माफी मागायला लावत नाही. साडेतीन लाख हवेत की ‘चुकलं वहिनी’ हवंय, हे ठरवल्याशिवाय पुढचं पाऊल उचलू नका, कारण दुसऱ्यासाठी वकील लागत नाही.

ज्यांना उद्या कुणाला तरी उसने द्यायचे आहेत, त्यांनी टायपिस्टचा साचा वाचून, खोडून, स्वतःच्या शब्दांत करार करून घ्यावा. पैसे बँकेतून जावेत आणि करारात त्या व्यवहाराचा क्रमांक यावा. ‘हे उसने आहेत, भांडवल किंवा भागीदारी नव्हे’ हे वाक्य असावं. परतफेडीची तारीख लिहावी. अधूनमधून येणाऱ्या रकमेची पोच दोघांच्या सहीनं त्याच कागदाच्या मागे लिहावी. आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नये, ‘जरा दाखवतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला तर मुळीच नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या आठवड्यात कागद, पासबुक, चेक आणि फोन घेऊन विधी सेवा समितीत किंवा वकिलाकडे जा आणि मुदतीची अखेरची तारीख त्यांच्याकडून लेखी घ्या. नोटीस त्यानंतर, पोच मिळेल अशा टपालानं. तिचं उत्तर आलं तर जपून ठेवा. त्यात ‘पैसे मिळाले, पण…’ असं असेल तर अर्धं काम त्यानंच केलं. आणि नोटीस निघण्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंच्या शेजारी बसून तुम्ही स्वतः त्यांना सांगा: इतके दिले, इतके आले, इतके बाकी. त्याच्याकडून त्यांनी ऐकलेली गोष्ट वेगळी असेल, आकडे तुमच्याकडून ऐकू देत.